दोन सुयांची बखर

मराठीत 'विणणे' या एकाच क्रियापदावर आपण किती कामे भागवतो! शहापूरचा विणकर मागावर लुगडे विणतो, बुरूड टोपली विणतो, खाटेची नवार विणतात, आणि मी दोन सुया घेऊन स्वेटर करते तेही विणणेच. आमच्या शेजारच्या कानडी अक्का मात्र असा घोळ करीत नाहीत. मागावरचे ते 'नेय्गे' आणि सुयांवरचे ते 'हेणिगे'. वेणी घालण्यालाही त्या हे दुसरेच क्रियापद लावतात. आपल्या भाषेने जे एका गाठोड्यात बांधून ठेवले आहे ते शेजारची भाषा सोडून दाखवते. सीमाभागात राहण्याचा एवढा तरी फायदा घ्यावा.

हा भेद नुसता शब्दांचा नाही. मागावर उभा आणि आडवा असे दोन धागे लागतात. सुयांना एकच धागा पुरतो, तो फासातून फास काढीत पुढे जातो. म्हणून लुगडे विरते, फाटते आणि शेवटी त्याची गोधडी होते. स्वेटर मात्र उसवतो आणि त्याची पुन्हा लोकर होते. सध्या मी धाकट्या दिरांचा जुना निळा स्वेटर उसवते आहे. उसवलेली लोकर खुर्चीच्या पाठीला गुंडाळून तिची लडी करायची, कोमट पाण्यात धुवायची आणि खाली तांब्या बांधून वाळत टाकायची. वर्षानुवर्षे टाक्यात राहून धाग्याला आलेला कुरळेपणा त्या वजनाने सुटतो. यातून नातवाची कुंची होईल. दुपारची भांडी आवरल्यावर ओल्या लोकरीचा तो वास घरभर पसरतो, तो मला अत्तरापेक्षा आवडतो.

हे काम आजीबाईंचे, म्हणून ते फार प्राचीन असणार, असा आपला समज असतो. तसे नाही. माग हजारो वर्षांचा आहे, पण दोन सुयांच्या विणकामाचे सर्वांत जुने नमुने इजिप्तमधले, साधारण अकराव्या ते चौदाव्या शतकातले. ते मोजे आहेत, सुती, निळ्या-पांढऱ्या नक्षीचे. त्याहून जुने, चौथ्या-पाचव्या शतकाच्या सुमाराचे इजिप्ती मोजे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत; पण ते एकाच सुईने, धाग्याचे वेढे ओवून केलेले आहेत. त्यांचा अंगठा वेगळा आहे, वहाणा घालता याव्यात म्हणून. आपल्या बाजारात बायकांचे अंगठ्याचे मोजे मिळतात, तेच हे, दीड हजार वर्षे आधीचे.

इजिप्तच्याच फुस्तात या जुन्या शहराच्या अवशेषांत गुजराती ठशांचे सुती कापड सापडले आहे. म्हणजे आपले कापड तिकडे जात होते. सुया मात्र आपल्या घरांत यायला एकोणिसावे शतक उजाडले. त्या आल्या मुख्यतः मिशनच्या मुलींच्या शाळांतून आणि लष्करी छावण्यांतल्या मडमांच्या हातून. शब्दच साक्ष देतात. मोजा फारसी, स्वेटर आणि मफलर इंग्रजी, क्रोशा फ्रेंच. आपली लोकर तोवर धनगराच्या घोंगडीत होती, आणि घोंगडी मागावरची. कुंची हा शब्द आपला, पण जुनी कुंची शिवलेली असे. आमच्या भागात गुळेदगुड्डच्या खणाची. माकडटोपीला इंग्रजीत ज्या गावाचे नाव आहे ते बालाक्लाव्हा क्रिमियातले. तिथे १८५४ साली लढाई झाली. कार्डिगन हा त्याच लढाईतला एक लॉर्ड. एका युद्धाने आपल्या कपाटातली किती नावे दिली!

आपल्याला सगळ्यात साधा वाटणारा उलट टाकासुद्धा उशिरा आला. पूर्वी मोजे गोल विणत, त्यामुळे सुलट बाजूच सतत समोर राही. आज माहीत असलेले उलट टाक्याचे सर्वांत जुने उदाहरण म्हणजे फ्लॉरेन्सची एलिओनोरा दि तोलेदो हिला १५६२ साली ज्या मोज्यांत पुरले ते मोजे. रेशमी आहेत.

युरोपात हा धंदा दीर्घकाळ पुरुषांच्या श्रेणींच्या हाती होता. उमेदवारी वर्षानुवर्षे करावी लागे आणि शेवटी परीक्षेचे काम द्यावे लागे. आल्सेसमध्ये तर गालिच्याएवढे चित्र विणून दाखवीत. मग १५८९ साली इंग्लंडात नॉटिंगहॅमजवळच्या विल्यम लीने मोजे विणण्याचे यंत्र काढले. गरिबांचा घास जाईल म्हणून एलिझाबेथ राणीने त्याला मक्ता नाकारला, अशी कथा आहे. ली पुढे फ्रान्सला गेला आणि तिकडेच वारला. यंत्र मात्र राहिले, वाढले, आणि त्यावर काम करणाऱ्यांचीच पुढे उपासमार झाली. १८११ मध्ये नॉटिंगहॅमच्या परिसरात त्यांनी यंत्रे फोडायला सुरुवात केली. यंत्र फोडणाऱ्याला फाशी देणारा कायदा १८१२ मध्ये झाला. कवी बायरनने लॉर्डांच्या सभागृहातले आपले पहिले भाषण त्याच्याच विरोधात केले होते.

हे लोक यंत्राचे वैरी होते असे म्हणतात, ते मला पटत नाही. यंत्रावर तर त्यांचेच पोट होते. त्यांची तक्रार मजुरीची होती, आणि आणखी एक होती, ती विणणाऱ्यालाच नीट कळेल. मालक रुंद पट्टा विणून घेत, तो पायाच्या आकारात कापत आणि शिवून मोजे म्हणून विकत. कापलेली कड उसवते. चार धुण्यांत मोजा सुटायचा आणि नाव खराब व्हायचे कारागिराचे.

आमच्या गल्लीत हातमागाचे यंत्रमाग होताना मी पाहिले. तिथले एक विणकरमामा माझ्या सुयांकडे बघून विचारतात, "वैनी, येवढं करून मिळतंय काय?" काहीच मिळत नाही. लोकरीच्याच पैशात तयार स्वेटर येतो. माझ्या हातात जो छंद आहे तो कोणाच्या तरी हातून गेलेला धंदा आहे, हे मामांना न सांगता कळते. त्यांच्या घरात फुरसतीत कोणी माग चालवीत नाही.

हिवाळ्यात तिबेटी बायका स्वेटर विकायला बसतात. मुंडगोडला १९६६ पासून त्यांची वसाहत आहे. माल बहुतेक लुधियानाचा. मी स्वेटर आधी उलटा करते आणि बगलेची शिवण बघते. कड टाक्यांनी बंद झालेली असेल तर तो पुढे कधीही सलग उसवता येतो. कापून शिवलेला असेल तर प्रत्येक ओळीला धागा तुटलेला, हाती येतात नुसते तुकडे. परवा विकणारीनेच मला हसत दुसरा काढून दिला. मी काय शोधते आहे ते तिने बरोबर ओळखले होते.