फंड की पेन्शन : नोकरदाराच्या म्हातारपणाच्या तरतुदीचा इतिहास

निवृत्तीनंतरच्या जगण्याची तरतूद दोन मूलतः भिन्न मार्गांनी करता येते. एका मार्गात माणूस जिवंत असेपर्यंत दरमहा ठरावीक रक्कम मिळत राहते. ते निवृत्तिवेतन, म्हणजेच पेन्शन. दुसऱ्या मार्गात नोकरीच्या काळात साठवलेली पुंजी एकदम हाती येते आणि ती किती वर्षे पुरवायची हे ज्याचे त्याने पाहायचे असते. भविष्य निर्वाह निधी, म्हणजेच कामगारांच्या तोंडी असलेला ‘फंड’, हा या मार्गाचा नमुना होय. भारतात सरकारी नोकराच्या वाट्याला पहिला मार्ग आला आणि कारखान्यातल्या कामगाराच्या वाट्याला दुसरा. पुढे दोघांच्याही बाबतीत झालेले बदल या वाटणीतून समजून घ्यावे लागतात.

ब्रिटिश अमदानीत पेन्शन हा देणाऱ्याच्या मर्जीचा विषय होता. दुसऱ्या बाजीरावाला १८१८ साली कंपनी सरकारने वार्षिक आठ लाख रुपयांचा तनखा मान्य केला आणि १८५१ साली त्याच्या मृत्यूनंतर तो दत्तकपुत्र नानासाहेबांना नाकारला; सत्ताधीशांच्या तनख्याची ही गत, तर कारकुनाची काय कथा! १८७१ च्या पेन्शन कायद्याने पेन्शनीच्या रकमेवर सावकाराला जप्ती आणता येणार नाही असे संरक्षण दिले, पण पेन्शनीविषयीचे दावे सामान्यतः दिवाणी न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवले. तरीही महिन्याच्या महिन्याला मिळणाऱ्या या खात्रीच्या पैशामुळेच सरकारी नोकरीला मराठी मध्यमवर्गात मोठी प्रतिष्ठा लाभली.

मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्याला असे काहीच नव्हते. कोकणातून आणि घाटावरून आलेला कामगार अंगात बळ असेपर्यंत साचे चालवी, गावी मनीऑर्डर पाठवी आणि हातपाय थकले की गावाकडे परते. भावाबंदांत राहिलेला जमिनीचा तुकडा आणि एकत्र कुटुंब हीच त्याची पेन्शन होती. कामगारांच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात गावाशी असलेले हे नाते उपकारक मानून ते टिकवावे असे सुचवले. या भूमिकेचा एक परिणाम मात्र स्पष्ट होता : म्हातारपणाचा भार मालकावर न पडता शेतीवर, आणि पर्यायाने गावात राहिलेल्या बायकांच्या कष्टांवर, पडत राहिला.

काही मोठ्या मालकांनी स्वतःहून फंड सुरू केले होते. टाटांच्या जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात तो १९२० पासून होता. सर्वसाधारण सक्ती मात्र स्वातंत्र्यानंतर, नोव्हेंबर १९५१ च्या अध्यादेशाने आणि पाठोपाठच्या १९५२ च्या कायद्याने आली. सिमेंट, सिगारेट, अभियांत्रिकी, लोखंड व पोलाद, कागद आणि कापड या सहा उद्योगांतील ५० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना तो लागू झाला. कामगाराने वेतनाच्या सव्वासहा टक्के, म्हणजे रुपयामागे एक आणा, भरायचा आणि मालकाने तेवढीच भर घालायची, अशी त्याची रचना होती. या कायद्याच्या उद्देशपत्रिकेत सरकारने मोकळेपणाने मान्य केले होते की, वृद्धांना आणि मागे राहिलेल्या कुटुंबीयांना पेन्शन देणे हाच आदर्श मार्ग आहे, परंतु देशाच्या तत्कालीन स्थितीत तशी योजना नजीकच्या काळात शक्य नाही. फंड हा अशा रीतीने तडजोडीचा पर्याय होता. पुढील पिढ्यांनी मात्र त्यालाच संपूर्ण तरतूद मानले, आणि येथेच खरी चूक झाली.

फंडाची रक्कम एकदम हाती येते, आणि हाती आलेल्या रकमेला वाटा फुटतात. घर, लग्नकार्य, आजारपण यांसाठी फंडातून आगाऊ उचल घेण्याची सोय नियमांनीच ठेवली होती, आणि गरजू माणसाने ती वापरली यात त्याचा दोष नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. त्यानंतरच्या काळात गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, तेव्हा निवृत्तीचे वय गाठण्याआधीच नोकरी गेलेल्या माणसाला म्हातारपणासाठी राखलेला फंड आणि ग्रॅच्युइटी, म्हणजे दीर्घ सेवेबद्दल मालकाकडून मिळणारी रक्कम, भर वयातच संसाराला लावावी लागली.

ही उणीव भरून काढण्यासाठी १६ नोव्हेंबर १९९५ पासून मालकाच्या वर्गणीतून वेतनाच्या ८.३३ टक्के वेगळे काढून कर्मचारी पेन्शन योजना सुरू झाली. पेन्शनपात्र वेतनाला पेन्शनपात्र सेवेच्या वर्षांनी गुणून ७० ने भागायचे, हे तिचे सूत्र आहे. २०१४ पासून या वेतनाची सर्वसाधारण मर्यादा १५,००० रुपये असल्याने ३५ वर्षांच्या पेन्शनपात्र सेवेलाही महिना ७,५०० रुपयेच येतात, आणि किमान पेन्शन त्याच वर्षी १,००० रुपये ठरली. सरकारी पेन्शनीला असते तशी महागाई भत्त्याची जोड या पेन्शनीला दिलेली नाही, हा तिचा सर्वांत गंभीर दोष होय. कारण महागाई वर्षाला ६ टक्क्यांनी वाढत राहिली, तर साधारण १२ वर्षांत त्याच रकमेची खरेदीशक्ती निम्मी होते.

ज्यांना मालकच नव्हता, त्या दुकानदार, वकील आणि डॉक्टरांसाठी १९६८ साली सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी, म्हणजे पीपीएफ, आला. त्याचा व्याजदर आरंभी ४.८ टक्के होता, १९८६ ते २००० या काळात १२ टक्के राहिला आणि एप्रिल २०२० मध्ये ७.१ टक्क्यांवर आला. बारा टक्के कायमचे गृहीत धरून ज्यांनी आडाखे बांधले, त्यांची गणिते चुकणे अटळ होते.

दरम्यान सरकारी नोकराची पेन्शन मर्जीतून हक्कात आली. १७ डिसेंबर १९८२ च्या नाकरा खटल्यात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने पेन्शन ही कृपा नसून केलेल्या सेवेचा मोबदला आहे असे ठरवले, आणि तो दिवस आजही पेन्शनर दिन म्हणून पाळला जातो. पण वाढत्या खर्चामुळे केंद्राने १ जानेवारी २००४ पासून आणि महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ पासून नव्या नोकरांसाठी ही हमी काढून घेतली. आलेल्या नव्या योजनेत वर्गणी बाजारात गुंतवली जाते, आणि निवृत्तीच्या वेळी सरकारी कर्मचाऱ्याला जमा रकमेच्या किमान ४० टक्क्यांतून ॲन्युइटी, म्हणजे विमा कंपनीकडून आयुष्यभर मिळणारे नियमित उत्पन्न, विकत घ्यावे लागते. आयुष्य लांबण्याची आणि बाजार पडण्याची जोखीम अशा रीतीने सरकारकडून कर्मचाऱ्याकडे सरकली. मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातील लाखो कर्मचारी जुन्या पेन्शनीसाठी संपावर गेले, आणि १ एप्रिल २०२५ पासून केंद्राने २५ वर्षांच्या सेवेनंतर अखेरच्या १२ महिन्यांतील सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्या पेन्शनीची हमी देणारा पर्याय पुन्हा खुला केला.

सरकारी नोकरदाराला मिळालेली ही हमी खासगी नोकरीतल्या आणि स्वतःच्या धंद्यातल्या माणसाला उपलब्ध नाही. त्याने आपल्या पुंजीचा आकडा पाहून समाधान न मानता, त्या पुंजीतून मरेपर्यंत दरमहा किती येईल, ते महागाईबरोबर वाढेल का आणि मागे राहिलेल्या जोडीदाराला ते मिळत राहील का, हे तीन हिशेब नोकरी-धंदा चालू असतानाच मांडले पाहिजेत.