ओव्हरड्राइव्ह पडत नाही, तेव्हा...

जुन्या स्वयंचलित गिअरच्या मोटारींत एक तक्रार वारंवार आढळते. गाडी शहरात सुरळीत धावते, पहिले तीन गिअर वेळेवर बदलतात. मात्र महामार्गावर वेग वाढला तरी इंजिनाची घरघर कमी होत नाही. चौथा, म्हणजेच ओव्हरड्राइव्ह गिअर पडतच नाही. अशा वेळी संपूर्ण गिअरबॉक्स उतरवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. वास्तविक दोष गिअरबॉक्सच्या पोटात आहे की त्याला हुकूम देणाऱ्या यंत्रणेत, हे तो न उघडताही बऱ्याच अंशी ठरवता येते. एका सैल तारेसाठी धडधाकट गिअरबॉक्स खोलण्याचा खर्च त्यामुळे वाचू शकतो.

तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्समधून बाहेर पडणारा शाफ्ट साधारण एकाच गतीने फिरतात. ओव्हरड्राइव्हमध्ये शाफ्ट इंजिनापेक्षा जलद फिरतो. १९७३ च्या तेलसंकटानंतर इंधनबचतीची निकड भासू लागली आणि अमेरिकी मोटारींत हा गिअर रुजला. फोर्डचा एओडी १९८० मध्ये, तर जनरल मोटर्सचा ७००आर४ १९८२ मध्ये आला. शाफ्टच्या एका फेऱ्यासाठी पहिल्यात इंजिनाचे ०.६७, तर दुसऱ्यात ०.७० फेरे पुरतात. टोयोटाच्या सुप्रा, क्रेसिडा यांसारख्या गाड्यांतील ए३४०ई मध्ये हे प्रमाण ०.७०५ आहे.

आधी खातरजमा

त्या काळातील अनेक स्वयंचलित गाड्यांना मुळात तीनच गिअर होते, हे प्रथम लक्षात घ्यावे. ७००आर४ च्या दांड्यावर ‘डी’ची दोन स्थाने असतात, साध्या ‘डी’वर गाडी तिसऱ्याच्या पुढे जात नाही, ओव्हरड्राइव्हसाठी वर्तुळातील ‘डी’ निवडावा लागतो. टोयोटात दांड्यावरील बटण नकळत दाबले गेले, तर ‘ओ/डी ऑफ’ हा दिवा लागतो. तो दिवा लुकलुकत असेल, तर संगणकाने दोष नोंदवला आहे असे समजावे.

त्यानंतर मोकळ्या रस्त्यावर, इंजिन पूर्ण तापल्यावर चाचणी घ्यावी. समजा, ठरावीक वेगाला तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचे मिनिटाला ३००० फेरे होतात. ओव्हरड्राइव्ह पडताच ते सुमारे २१०० वर यायला हवेत. बटण चालू-बंद करूनही काटा जागचा हलत नसेल, तर चौथा गिअर पडत नाही हे निश्चित. येथे एक गफलत होते. टॉर्क कन्व्हर्टर ‘लॉक’ होतानाही फेरे उतरतात, पण ते थोडेच. अ‍ॅक्सिलरेटर स्थिर ठेवून ब्रेकला हलका स्पर्श केल्यावर काटा किंचित वर गेला, तर तो लॉक सुटल्याचा परिणाम होय. त्याला गिअर समजू नये.

काटा कसा वागतो हेही बोलके असते. गिअर बदलण्याच्या क्षणी फेरे एकदम उसळले, तर हुकूम पोहोचला आहे, पण क्लच किंवा ब्रेक पट्टा पकड घेत नाही. काहीच घडले नाही, तर हुकूमच निघाला नसण्याची शक्यता अधिक.

हुकूम का अडतो?

इंजिन थंड असताना टोयोटाचा संगणक ओव्हरड्राइव्ह रोखून धरतो. थर्मोस्टॅट उघडाच अडकला किंवा तापमानाचा सेन्सर बिघडला, तर त्याच्या लेखी इंजिन कधी तापतच नाही. क्रूझ कंट्रोलचा संगणकही हा गिअर रद्द करू शकतो. ७००आर४ मध्ये थ्रॉटल व्हॉल्व्हची केबल फार ताणलेली असेल, तर गिअर उशिरा बदलतात. सैल असेल, तर तेलाचा दाब घटून क्लच जळतात.

ए३४०ई साठी एक साधी कसोटी आहे. इग्निशन बंद करून सोलेनॉइडच्या तारांचा जोड सोडवावा. आता संगणकाचे काही चालत नाही: ‘एल’वर पहिला, ‘२’वर तिसरा आणि ‘डी’वर थेट ओव्हरड्राइव्ह मिळायला हवा. गाडी ‘एल’वर हलवून क्रमाने पुढे जावे. ‘डी’वर चौथा मिळाला, तर यंत्रभाग शाबूत आहे, दोष तार, स्विच, सेन्सर किंवा संगणकात शोधावा. न मिळाल्यास ओव्हरड्राइव्हचा ब्रेक, व्हॉल्व्ह बॉडी किंवा अडकलेला सोलेनॉइड यांवर संशय घ्यावा. चांगल्या सोलेनॉइडचा रोध ११ ते १५ ओहम भरतो. चाचणीनंतर जोड पूर्ववत लावून नोंदलेला दोष पुसून टाकावा.

७००आर४ मध्ये तर्क वेगळा चालतो. तेथे दुसऱ्या गिअरचा पट्टा आणि तिसऱ्याचा क्लच मिळून चौथा बनतो. हे दोन्ही गिअर न घसरता चालत असतील, तर पट्टा आणि क्लच दोषमुक्त ठरतात. मग केबल, गव्हर्नर, शिफ्ट व्हॉल्व्ह आणि पट्टा आवळणाऱ्या सर्व्होचा चौथ्या गिअरसाठीचा पिस्टन तपासावा. ए३४०ई मध्ये मात्र ओव्हरड्राइव्हचा ब्रेक केवळ चौथ्यातच काम करतो. त्यामुळे बाकीचे गिअर उत्तम असले, तरी त्याच्याविषयी ग्वाही मिळत नाही.

तेलाची साक्ष

शेवटचा निर्णय तेलावरून पक्का करावा. लालसर आणि स्वच्छ तेल आश्वासक असते. तपकिरी, करपट वासाचे तेल क्लच जळाल्याचे सांगते. तळाची पॅन उघडल्यावर लोहचुंबकाला चिकटणारा चुरा पोलादी भागांची, तर पितळी चुरा बुशांची झीज दाखवतो.

निदान होईपर्यंत घसरणारा ओव्हरड्राइव्ह वापरू नये. बटणाने तो बंद ठेवून तिसऱ्यात, बेताच्या वेगाने गाडी चालवावी. इंधन थोडे अधिक जळेल. पण घसरणीतून निघालेला चुरा तेलाबरोबर व्हॉल्व्ह बॉडीत शिरला, तर आज धड असलेले तीन गिअरही धोक्यात येतात.