खाऊचे पैसे आणि घरची कामे : नाशिकच्या मुलांच्या हातातील पैशाचा इतिहास

नाशिकच्या घरांत मुलांनी करायची कामे आणि मुलांना मिळणारा पैसा यांचा विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत एकमेकांशी फारसा संबंध नव्हता. काम घरचे म्हणून करायचे असे, त्याचा हिशेब कुणी ठेवत नसे. पैसा मिळे तो सणावाराला, जत्रेला, पाहुणा निघताना किंवा आजीच्या चंचीतून. कामाबद्दल पैसा ही रीत मुलांपर्यंत पोहोचली ती बहुतेक वेळा घराबाहेरच्या बाजारातून, आणि जिथे ती पोहोचली तिथे मुलांचे भले झालेच असे नाही.

जुन्या नाशकात मुलांचा दिवस पाण्यापासून सुरू होई. गोदावरीला नाशिककर गंगाच म्हणतात. गंगेवरून किंवा वाड्यातल्या विहिरीवरून पाणी आणणे, पूजेला फुले-तुळस खुडून आणणे, गोठा असेल तर शेण गोळा करणे, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरवणे ही कामे सहा-सात वर्षांच्या वयापासून अंगावर पडत. मुलगा मुंजीचा झाला की त्याच्याकडे पूजा, बाजारहाट, निरोप पोचवणे अशी बाहेरची कामे येत आणि केरवारा, सडा-रांगोळी, उष्टी-खरकटी, भांडी ही मुलीकडेच राहत. घरकामाच्या वाटपातली ही जुनी तिरकी वाटणी पुढे नळ आले, गिरण्या आल्या, शाळा आल्या, तरी सहजासहजी सरळ झाली नाही.

जिल्ह्याच्या पश्चिमेला, इगतपुरी, पेठ, सुरगाणा या डोंगराळ तालुक्यांत मुलांचे मुख्य काम गुरे राखण्याचे. घरची गुरे राखली तर काही मिळायचे नाही. दुसऱ्याची राखली तर वर्षाकाठी धान्य, अंगावर कपडा आणि जेवण असा मोबदला ठरे, आणि तो मुलाच्या हातात न पडता घरच्या कणगीत जाई. या गुराखी मुलांचा स्वतःचा असा एक दिवस मात्र आहे. आश्विन वद्य द्वादशीला, वाघबारशीला, गुराखी घरोघर फिरून तांदूळ-धान्य मागतात, वाघदेवाची पूजा करतात आणि जमलेल्या शिध्याचा स्वयंपाक रानातच करून एकत्र जेवतात. वर्षभर ज्यांनी गावाची जनावरे सांभाळली त्यांना गावाने दिलेला हा शिधा. मुलांच्या श्रमाची सगळ्या गावासमक्ष घेतलेली इतकी मोकळी दखल शहरी नाशिकच्या चालीरीतींत शोधून सापडत नाही.

कारागिरांच्या घरी काम आणि शिक्षण एकच होते. नाशिकची तांब्या-पितळेची भांडी प्रसिद्ध, आणि तांबटाचा मुलगा भाता ओढत, चिंचेने भांडी उजळत हाताखाली तयार होई. येवल्यात पैठणी विणणाऱ्या घरांत रेशीम उकलणे आणि कांड्या भरणे हे बायकामुलांचे काम होते. माग चाले तो एकट्या विणकराच्या नावावर, पण कांडी वेळेवर भरून मिळाली नाही तर मागही थांबे. साडीची मजुरी आली की तीत मुलांचा वेगळा वाटा नसे, आणि तो मागण्याची कल्पनाही कुणाला नसे.

पैसा येई तो वेगळ्या वाटेने. दसऱ्याला आपट्याची पाने देऊन थोरांच्या पाया पडल्यावर हातावर नाणे ठेवले जाई. भाऊबीजेची ओवाळणी हा मुलींचा वर्षातला एकमेव हक्काचा पैसा होता, आणि बऱ्याच मुली तो मातीच्या गल्ल्यात टाकून जपून ठेवत. जत्रेचे पैसे हा आणखी एक प्रकार : नवरात्रात कालिकादेवीची यात्रा, चैत्रात वणीच्या सप्तशृंगगडाची, पौषात त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची. जत्रेला निघताना प्रत्येक मुलाच्या हातावर काही ना काही ठेवायचे, ही रीत गरीब घरांतही पाळली जाई. संक्रांत जवळ आली की पैशाची गरज वाढे, कारण नाशिक आणि विशेषतः येवले ही पतंगांची गावे. येवल्यात भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस पतंग चालतात, आणि दोरा गुंडाळायच्या चक्रीला तिथे आसारी म्हणतात. ज्यांच्याकडे पैसे नसत ती मुले कापलेले पतंग लुटत, दोऱ्याचे तुकडे जोडत, आणि हात चांगला असेल तर पतंग बनवून विकतही.

तीर्थक्षेत्र असल्यामुळे नाशिकच्या मुलांना आणखी दोन वाटा खुल्या होत्या. पहिली दक्षिणेची. भिक्षुकाच्या घरचा मुलगा वडिलांबरोबर पंचवटीत किंवा गंगेवर गेला की त्याच्याही हातावर यजमान काही ठेवत. शिकायला आलेली गरीब मुले वार लावून जेवत, म्हणजे आठवड्याचा एकेक दिवस एकेका घरी. अशा घरी पाणी भरणे, पूजेची तयारी करणे, बाजारातून जिन्नस आणणे ही कामे न सांगता करायची असत, आणि त्यांतला अपमान सोसून शिकलेली एक अख्खी पिढी महाराष्ट्रात होऊन गेली. दुसरी वाट रामकुंडाची. यात्रेकरू पाण्यात नाणी टाकतात आणि काठची पोरे बुड्या मारून ती वर काढतात. अलीकडे दोरीला लोहचुंबक बांधूनही नाणी काढली जातात, कारण आताची बरीच नाणी चुंबकाला चिकटणाऱ्या पोलादाची आहेत. सिंहस्थाच्या काळात या पैशाला भरती येते. ही मुले हौसेपोटी पाण्यात उतरत नाहीत. त्यांतल्या अनेकांच्या घरी या नाण्यांवर संध्याकाळचा किराणा येतो.

मुलांच्या हातातले नाणे काळाप्रमाणे बदलत गेले. जिल्ह्यातच चांदवडला टांकसाळ होती आणि चांदवडी रुपया बाजारात चाले. पण मुलांपर्यंत पोहोचे ते तांब्याचे नाणे : शिवराई, जाडजूड ढब्बू, पुढे इंग्रजी राणीच्या आणि राजाच्या छापाचा पैसा. रुपयाचे आणे १६, आण्याचे पैसे ४ आणि पैशाच्या पया ३, असा हिशेब तोंडपाठ असलेले मूल व्यवहारात हुशार समजले जाई. दुसऱ्या महायुद्धात धातू वाचवण्यासाठी १९४३ पासून मधे भोक असलेला पैसा निघाला. मुले तो दोऱ्यात ओवून गळ्यात किंवा करगोट्याला बांधत. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धत आली आणि नवे पैसे सुरू झाले. एका आण्याचे ६ नवे पैसे, दोन आण्यांचे १२, पण तीन आण्यांचे १९ आणि चार आण्यांचे बरोबर २५. या अपूर्णांकात कधी दुकानदाराचा फायदा होई, कधी मुलाचा. नाण्यांचा मुलांशी असलेला संबंध समजून घ्यायचा तर त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला असलेल्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेचा संग्रह जरूर पाहावा.

घरकाम आणि पैसा यांची पहिली गाठ पडली ती सुट्या पैशांत. हाताने जात्यावर दळणे मागे पडून विजेवरची गिरणी आली तेव्हा दळणाचा डबा मुलांच्या डोक्यावर आला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रेशन सुरू झाले आणि पुढे अनेक वर्षे रॉकेलच्या, साखरेच्या रांगेत नंबर धरून उभे राहणे हे शाळकरी मुलांचे काम झाले. वाण्याकडे महिन्याची वही असली की मुलाच्या हातात नाणे येतच नसे, नुसती चिठ्ठी जाई. पण रोखीने आणायच्या वस्तूंत, बुधवारच्या बाजारात भाजी घेताना, उरलेले सुटे मुलाला राहू देण्याची पद्धत पडली. उरलेले पैसे परत मागायचे की नाही हे प्रत्येक आई आपापल्या परीने ठरवी. कुणी काही म्हटले तरी आजच्या पॉकेटमनीचे मूळ बऱ्याच मराठी घरांत या सुट्या पैशांत आहे.

दरमहा ठरलेली रक्कम देण्याची पद्धत मात्र पगारदार घरांतून आली. नाशिकरोडला १९२५ च्या सुमारास सरकारी छापखाना सुरू झाला, त्यात आधी टपालाची तिकिटे आणि १९२८ पासून नोटा छापल्या जाऊ लागल्या. ठरलेल्या तारखेला ठरलेला पगार घेणारी शेकडो कुटुंबे एका ठिकाणी राहू लागली. पुढे ओझरला विमानांचा कारखाना आला, सातपूर आणि अंबडला औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. शेतकऱ्याच्या घरात पैसा कांदा किंवा द्राक्षे विकल्यावर येई, कारागिराच्या घरात माल गेल्यावर. पगारदाराच्या घरात महिन्याचा अंदाज बांधता येई, म्हणून मुलांसाठीही काही रक्कम आधी बाजूला काढता येई.

ठराविक नेमणुकीची कल्पना तशी या भूमीला जुनीच. शहराजवळच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे २,००० कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवले, आणि मुद्दल न मोडता येणाऱ्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, द्यायचे ठरवले. वर्षाचे व्याज २४० येते आणि वाटपही तितकेच. हिशेब इतका चोख आहे की शाळेत सरळव्याज शिकवताना हेच उदाहरण द्यावे.

मुलांनी घरची कामे करावीत, याचा मराठी मनावरचा सर्वांत खोल ठसा एका पुस्तकाने उमटवला, आणि ते पुस्तक नाशिकमध्ये लिहिले गेले. सत्याग्रहात शिक्षा झालेल्या साने गुरुजींनी ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. त्यातल्या आठवणी कोकणातल्या आहेत. पत्रावळ लावता येत नाही म्हणून श्यामला ती शिकावी लागते, आईच्या हाताखाली बारीकसारीक काम करावे लागते. कामाचा मोबदला म्हणून त्याला नाणे मिळत नाही. मुलगा म्हणून घरकामातून सूट नाही, हा त्या पुस्तकाचा आग्रह त्या काळाच्या मानाने धीट होता. मराठी घरांनी पुस्तक डोक्यावर घेतले, हा आग्रह तेवढा घेतला नाही.

त्याच काळात जिल्ह्यात मुलांच्या कामाला पैसा मिळत होता, पण त्याला खाऊचे पैसे म्हणता येणार नाही. सिन्नर तालुक्याचा पूर्व भाग पर्जन्यछायेतला, पावसाचा भरवसा नाही. तिथे बिडीचा धंदा वाढला आणि सिन्नरचे नाव बिडीमुळे दूरवर पोहोचले. मजुरी हजार बिड्यांमागे. त्यामुळे जितके हात तितक्या बिड्या. आई पाने भिजवून कातरे आणि तंबाखू भरून वळे. मुले बिडीची तोंडे मिटत, दोरा बांधत, जुड्या करत. मालकाच्या वहीत नाव एकाचे, काम सगळ्या घराचे. शाळेतून आल्यावर करायची घरची मदत आणि कारखान्याची मजुरी यांतली सीमा इथे पुसली गेली. तंबाखूची धूळ सगळ्यांच्याच छातीत जाई.

कायदा या सीमेवर अनेक वर्षे अडखळला. १९३८ च्या कायद्याने बिडीच्या कारखान्यांत १२ वर्षांखालील मुलांना कामाला ठेवण्यास मनाई केली. १९६६ च्या बिडी कामगार कायद्यात ही मर्यादा १४ वर्षे होती. १९८६ च्या बालकामगार कायद्याने बिडी वळणे निषिद्ध कामांत घातले, पण मालक घरच्या माणसांच्या मदतीने काम करत असेल तर सूट ठेवली. सिन्नरच्या मुलाची अडचण नेमकी या सुटीत होती, कारण तिथला कारखाना त्याच्या ओसरीवरच होता. २०१६ च्या दुरुस्तीने १४ वर्षांखालील मुलांना कोणत्याही धंद्यात राबवण्यास बंदी आली. मात्र शाळेची वेळ सोडून किंवा सुटीत, धोका नसलेल्या घरच्या कामात मदत करता येते.

मुलांच्या श्रमाला निराळे, सन्मानाचे वळण वसतिगृहांनी दिले. नाशिकला १९१४ मध्ये बहुजन समाजातल्या खेड्यापाड्यांतील मुलांसाठी उदाजी मराठा बोर्डिंग उभे राहिले आणि त्यातून मराठा विद्या प्रसारक समाज ही मोठी संस्था वाढली. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेत ‘कमवा आणि शिका’ रुजवले. दुसऱ्याच्या दारी वार लावून जेवण्यापेक्षा स्वतः कष्ट करून शिकावे, हा विचार त्यामागे होता. मुलाच्या कामाचे फळ इथे त्याच्याच शिक्षणाला लागले, आणि सिन्नरच्या ओसरीपेक्षा या वसतिगृहांचे वेगळेपण त्यातच आहे.

बचतीची शिकवण टपाल कचेरीमार्फत आली. टपाल बचत बँक १८८२ मध्ये देशभर सुरू झाली आणि अल्पवयीन मुलांच्या नावे खाती उघडली जाऊ लागली. स्वातंत्र्यानंतर शाळांमध्ये संचयिका निघाली : विद्यार्थ्यांनीच चालवलेली छोटी बचतपेढी, तिचे पासबुक, तिचा रोखपाल विद्यार्थी. खाऊसाठी मिळालेले दहा-वीस पैसे तिथे भरले जात. ज्या मुलांना काहीच मिळत नसे त्यांची पासबुके कोरी राहत, ही त्या योजनेची दुखरी बाजू होती.

३० जून २०११ नंतर २५ पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून गेली. २०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेने दहा वर्षांवरील मुलांना स्वतः खाते चालवू देण्याची बँकांना मुभा दिली. नव्या वसाहतींमधल्या काही घरांत आता कामाचे दर ठरवले जातात : खोली आवरली की इतके, गाडी धुतली की इतके. ही रीत नाशिकच्या जुन्या घरांना अनोळखी आहे आणि ती टाळलेलीच बरी. स्वतःचे ताट उचलण्याचे पैसे मिळू लागले तर पैसे न देणाऱ्याचे ताट कोण उचलणार? खाऊचे पैसे वेगळे द्यावेत, हिशेब मागावा, आणि घरची कामे मुलगा-मुलगी दोघांनाही सारखी वाटून द्यावीत. या शेवटच्या बाबतीत नाशिकच्या बहुतेक घरांचे काम अजून अर्धेही झालेले नाही.