तगर ते तेर : एका गावाच्या वस्तुसंग्रहालयाचे कार्य

धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी तेर नावाचे एक गाव आहे. महाराष्ट्रातील सामान्य वाचकास हे गाव संत गोरा कुंभारांचे म्हणून परिचित आहे. पुरातत्त्वाच्या अभ्यासकांस ते प्राचीन ‘तगर’ नगराचे स्थान म्हणून परिचित आहे. या दोन ओळखी ज्या एका ठिकाणी शेजारीशेजारी नांदतात ते ठिकाण म्हणजे तेरचे वस्तुसंग्रहालय होय. तेरचेच रहिवासी कै. रामलिंगप्पा लामतुरे यांनी अनेक वर्षांच्या परिश्रमाने जमविलेल्या वस्तू हा या संग्रहालयाचा पाया असून, शासनाने ते चालविण्यास घेतल्यानंतर त्यास त्यांचेच नाव देण्यात आले. या संग्रहाने काय साधले आणि त्याचे कोणते कार्य अद्याप शिल्लक आहे, याचा थोडक्यात विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. लेखकाचा विषय भाषाशास्त्र असल्यामुळे हा विचार मुख्यतः शब्दांच्या अंगाने केला आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात दक्षिणापथातील दोन बाजारपेठांचा विशेष उल्लेख आहे. भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणच्या पूर्वेस सुमारे दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठे नगर. तगराहून साधे कापड, तऱ्हतऱ्हेची मलमल व इतर माल गाड्यांत भरून, बिकट वाटांनी, भडोचच्या बंदराकडे जात असे. टॉलेमीच्या भूगोलातही तगराचे नाव आढळते. पुढे कोकणच्या व कोल्हापूरच्या शिलाहार राजांनी ‘तगरपुरवराधीश्वर’ असे बिरुद आपल्या लेखांतून अभिमानाने मिरविले. नगराचे नाव अशा रीतीने ग्रंथांत आणि ताम्रपटांत राहिले. नगर मात्र कोठे होते याचा विसर पडला. एकोणिसाव्या शतकातील विद्वानांनी त्याचा शोध जुन्नर, देवगिरी, धारूर अशा निरनिराळ्या ठिकाणी घेतला. अखेर 1901 साली जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजेच तेर हे मत मांडले, आणि हेन्री कझेन्स यांनी तेथील अवशेषांची पाहणी करून त्यास पुष्टी दिली.

फ्लीट यांच्या प्रतिपादनात स्थलनामाच्या व्युत्पत्तीस मोठे स्थान होते, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. संस्कृतातील दोन स्वरांमधील एकेरी व्यंजन प्राकृतात बहुधा लोप पावते, त्याच्या जागी यकारसदृश श्रुती येते, आणि मराठीत त्या दोन स्वरांचा मिळून एकार होतो. नगर – नयर – नेर या क्रमाने संगमनेर, अमळनेर, पारनेर, जामनेर ही नावे सिद्ध झाली. मदन – मयण – मेण आणि कदली – कयली – केळ हीदेखील त्याच नियमाची उदाहरणे होत. तगर – तयर – तेर हा क्रम या मालिकेत सहज बसतो. तेरच्या शेतकऱ्याच्या तोंडी जे एकाक्षरी नाव होते त्यातच दोन हजार वर्षांपूर्वीच्या नगराचा पत्ता दडलेला होता, आणि तो तेथील बोलणाऱ्या माणसांनी, नकळत का होईना, जपून ठेवला होता.

परंतु नाव जुळले म्हणजे नगर सापडले असे होत नाही. त्यास वस्तूंची साक्ष लागते. ती साक्ष गोळा करण्याचे काम प्रथम कोणा खात्याने पद्धतशीरपणे केले नाही. ते लामतुरे यांनी केले. महाराष्ट्रात गावाच्या जमिनीचे ‘काळी’ आणि ‘पांढरी’ असे दोन भाग मानण्याची जुनी रीत आहे. काळी ती पिकाची. पांढरी ती वस्तीची. पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुलींची राख आणि पडक्या भिंतींची माती साचून पांढरीचा रंग व पोत बदलतो. ही माती घरांच्या भिंतींसाठी आणि शेतात खत म्हणून गावोगाव उकरून नेली जाते. पुरातत्त्वज्ञाच्या दृष्टीने हा नाश आहे. गावकऱ्याच्या दृष्टीने तो नित्याचा व्यवहार आहे. मातीबरोबर वर येणारे मणी, नाणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, भाजलेल्या मातीच्या मूर्ती यांना सामान्यतः कोणी विचारीत नाही. तेरमध्ये त्यांना विचारणारा एक माणूस होता.

या संग्रहाचे मोल विद्वानांच्या लक्षात येण्यास फार काळ लागला नाही. 1958 साली भा. ना. चापेकर यांचे उत्खनन झाले व त्याचा अहवाल 1969 साली प्रसिद्ध झाला. पुढेही येथे वेळोवेळी उत्खनने होत राहिली. 1960 साली डग्लस बॅरेट यांनी तेरवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. येथील सर्वांत प्रसिद्ध वस्तू म्हणजे हस्तिदंती स्त्रीमूर्ती. इ. स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या पॉम्पेई नगरात 1938 साली एक भारतीय हस्तिदंती मूर्ती मिळाली होती. तिच्याशी तेरच्या आणि भोकरदनच्या हस्तिदंती मूर्तींचे असलेले साम्य अभ्यासकांनी दाखवून दिले. याखेरीज दुहेरी साच्यांतून काढलेल्या पांढऱ्या मातीच्या मूर्ती, सातवाहनांची नाणी आणि उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी द्वारशाखा यांचा उल्लेख करावयास हवा. उत्खननात मिळालेली हौदासारखी बांधकामे कापड रंगविण्यासाठी असावीत असेही मानले गेले आहे. तसे असल्यास पेरिप्लसकाराच्या कापडाचा धागा थेट तेरच्या मातीपर्यंत पोचतो.

येथे एक अडचण स्पष्टपणे सांगितली पाहिजे. उत्खननात मिळालेल्या वस्तूला थर असतो. त्या थरावरून तिचा काळ आणि तिचे सोबती कळतात. वेचून आणलेल्या वस्तूला असा आधार नसतो. तिचा काळ दुसरीकडच्या वस्तूंशी तुलना करून अनुमानानेच ठरवावा लागतो. म्हणून काही अभ्यासक अशा संग्रहांकडे किंचित उपेक्षेने पाहतात. ही उपेक्षा न्याय्य नव्हे. लामतुरे यांनी वस्तू उचलल्या नसत्या तर त्या थरात राहिल्या असत्या असे नव्हे. त्या खतात, भिंतीत किंवा परगावच्या व्यापाऱ्याच्या पेटीत गेल्या असत्या. निवड थर आणि संग्रह यांमध्ये नव्हती. ती संग्रह आणि नाश यांमध्ये होती. आणि संग्रह गावातच राहिल्यामुळे दुसरा एक आधार शिल्लक राहण्याची शक्यता निर्माण झाली. तो आधार म्हणजे गावकऱ्यांची स्मृती.

या आधाराचा उपयोग करून घेणे हे अशा संग्रहालयाचे उरलेले कार्य होय असे मला वाटते. कोणत्या टेकाडाला, कोणत्या शेताला, कोणत्या वाटेला गाव काय म्हणते, कोणत्या बाजूस नांगराला विटा लागतात, ही माहिती जुन्या माणसांच्या बोलण्यात असते. वस्तूच्या नोंदीत तिचे माप आणि द्रव्य येते, तसेच ती जेथे मिळाली त्या जागेचे बोलीतील नावही यावयास हवे. शेते विभागली जातात, त्यांना क्रमांक मिळतात, आणि नावे एका पिढीत नाहीशी होतात. नाव गेले की वस्तू जागेपासून दुसऱ्यांदा तुटते.

वस्तूंच्या नावांविषयीही हेच म्हणता येईल. नामदेवांच्या कथेत मुक्ताईच्या सांगण्यावरून गोरोबाकाका संतांच्या डोक्यावर थापटणे मारून कच्चे मडके कोणते ते पाहतात. थापटणे हा कुंभाराच्या कामातला रोजचा शब्द. या कथेमुळे तो मराठीत सर्वत्र पोचला. पण थापटण्याच्या जोडीने, मडक्याच्या आतून धरावयाच्या गोट्याला कुंभार काय म्हणतो, हे आपल्या अहवालांतून क्वचितच सापडते. तेथे इंग्रजी पारिभाषिक शब्द असतो. गोरोबांच्या गावी, मडक्यांच्या खापरांनी भरलेल्या संग्रहालयात, कुंभाराचा शब्द पाटीवर नसावा हे उचित नव्हे. शाळकरी मुलगा त्या शब्दाने वस्तू ओळखील. ती आपल्या आजोबांच्या हातातली आहे हे त्याला सांगावे लागणार नाही.

पेरिप्लसच्या त्याच उताऱ्यात आणखी एक बोधप्रद गोष्ट आहे. तेथे पैठणचे नाव ‘पैठाण’ असे येते. म्हणजे प्रतिष्ठानातील मधला तकार तेव्हा गळालेला आहे. तगरातील गकार मात्र कायम आहे. एकाच लेखकाने ऐकलेल्या दोन नावांत एकावर उच्चाराची आणि दुसऱ्यावर, बहुधा, लिखित परंपरेची छाप दिसते. राजांनी आपल्या बिरुदात तगर हेच रूप राखले. गावाने मात्र आपल्या जिभेवर तेर घडविले. दोन्ही रूपे हाती राहिली म्हणूनच नगर ओळखता आले. लिहिलेले आणि बोललेले यांचा हा मेळ घालणे, एका दालनात हस्तिदंती मूर्ती आणि तिच्याशेजारी गावचा शब्द ठेवणे, हे राजधानीतील मोठ्या संग्रहालयास साधणारे नाही. ते तेरलाच साधेल, कारण तो शब्द बोलणारी माणसे संग्रहालयाच्या दाराबाहेरच राहतात. मात्र जुनी माणसे आहेत तोवरच हे काम होण्यासारखे आहे.