लेट्रोझोल : बंदीपासून पहिल्या पसंतीपर्यंत

नवी दिल्ली : स्त्रीबीज नियमितपणे तयार होत नसल्यामुळे गर्भधारणेत अडचण येणाऱ्या महिलांना आज स्त्रीरोगतज्ज्ञ सर्रास ‘लेट्रोझोल’ या गोळ्या लिहून देतात. मात्र याच उपचारासाठी या औषधाची निर्मिती, विक्री व वितरण करण्यावर केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये बंदी घातली होती. ती २०१७ मध्ये मागे घेण्यात आली. एका परिषदेत सादर झालेल्या अपुऱ्या अभ्यासातून निर्माण झालेली भीती, औषध मंजुरीच्या प्रक्रियेतील त्रुटी आणि अखेरीस मोठ्या वैद्यकीय चाचणीने दिलेले उत्तर, असा या औषधाचा प्रवास आहे. वंध्यत्वावरील उपचारांमध्ये पुरावा कशाला म्हणावे, हा प्रश्न समजून घेण्यासाठी तो उपयुक्त ठरतो.

औषध कोणते, काम कसे करते?

लेट्रोझोल हे मुळात स्तनाच्या कर्करोगावरील औषध आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये त्याला त्या आजारासाठी मान्यता दिली. शरीरात इस्ट्रोजेन हे संप्रेरक तयार होण्यासाठी ‘अरोमाटेज’ नावाचे विकर लागते. लेट्रोझोल या विकराचे काम रोखते. इस्ट्रोजेनची पातळी घसरली की मेंदूतील पीयूष ग्रंथी बीजकोशाला चालना देणारे संप्रेरक अधिक प्रमाणात सोडते आणि स्त्रीबीज वाढू लागते. कॅनडातील टोरांटो येथील डॉ. मोहम्मद मितवाली आणि डॉ. रॉबर्ट कॅस्पर यांनी २००१ मध्ये वंध्यत्वावरील या वापराची माहिती प्रथम प्रसिद्ध केली.

त्यापूर्वी १९६० च्या दशकापासून ‘क्लोमिफेन’ हेच या उपचारातील प्रमुख औषध होते. ते स्वस्त आणि परिणामकारक असले तरी शरीरात दीर्घकाळ राहते व काही महिलांमध्ये गर्भाशयाचे अस्तर पातळ करते. लेट्रोझोलचे शरीरातील प्रमाण साधारण दोन दिवसांत निम्मे होते. पाळीच्या तिसऱ्या ते सातव्या दिवशी घेतलेल्या गोळ्यांचा अंश गर्भ रुजण्याच्या वेळेपर्यंत जवळपास उरत नाही.

‘पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम’ अर्थात पीसीओएस असलेल्या महिलांसाठी हे औषध विशेष महत्त्वाचे ठरले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील ८ ते १३ टक्के महिलांमध्ये ही स्थिती आढळते आणि स्त्रीबीज न सुटण्यामागील ते एक प्रमुख कारण आहे.

भीतीचे मूळ

ऑक्टोबर २००५ मध्ये कॅनडातील माँट्रियल येथे झालेल्या वैद्यकीय परिषदेत एका अभ्यासाचा गोषवारा सादर झाला. लेट्रोझोलच्या उपचारानंतर जन्मलेल्या १५० बालकांची तुलना त्यात सुमारे ३६ हजार सर्वसाधारण प्रसूतींशी करण्यात आली होती. हृदय व हाडांशी संबंधित जन्मजात दोष लेट्रोझोलच्या गटात अधिक असल्याचा निष्कर्ष त्यात होता. मात्र ही तुलना सदोष होती. एका बाजूला वंध्यत्वावर उपचार घेतलेल्या, तुलनेने अधिक वयाच्या महिला होत्या. तर दुसऱ्या बाजूला कमी जोखमीच्या, नैसर्गिक गर्भधारणा झालेल्या महिला होत्या. हा अभ्यास पुढे पूर्ण शोधनिबंध म्हणून प्रसिद्ध झाला नाही. तरीही मूळ उत्पादक कंपनीने रजोनिवृत्ती न झालेल्या महिलांना हे औषध देऊ नये, असा इशारा डॉक्टरांना दिला.

कॅनडातीलच पाच केंद्रांतील ९११ नवजात बालकांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उपचार घेतलेल्या महिलांचीच आपसात तुलना होती. जन्मजात दोषांचे प्रमाण लेट्रोझोलच्या गटात २.४ टक्के, तर क्लोमिफेनच्या गटात ४.८ टक्के आढळले. लेट्रोझोलमुळे धोका वाढत असल्याचे त्यातून दिसले नाही.

भारतातील वाद

भारतात औषध नियंत्रकांनी लेट्रोझोलला वंध्यत्वावरील वापरासाठी मंजुरी दिली होती. मूळ उत्पादकाने ज्या महिलांसाठी औषध निषिद्ध ठरवले, त्यांनाच ते देण्यास परवानगी कशी मिळाली, असा आक्षेप घेण्यात आला. आरोग्यविषयक संसदीय स्थायी समितीने मे २०१२ मधील ५९ व्या अहवालात केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेच्या मंजुरी प्रक्रियेवर कठोर टीका केली. त्यात लेट्रोझोलच्या उदाहरणाचाही समावेश होता.

तत्पूर्वीच औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम २६ अ अन्वये बंदीची अधिसूचना निघाली होती. कर्करोगासाठी औषध उपलब्ध राहिले. बंदी केवळ वंध्यत्वावरील वापरापुरती होती. या काळात भारतातील महिलांसमोर प्रामुख्याने क्लोमिफेन आणि संप्रेरकांची महागडी इंजेक्शने हे पर्याय उरले.

चाचणीने दिलेले उत्तर

भारतात बंदी लागू असतानाच अमेरिकेत या प्रश्नावरील मोठी चाचणी पूर्ण झाली. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाचे डॉ. रिचर्ड लेग्रो यांच्या नेतृत्वाखालील या चाचणीचे निष्कर्ष जुलै २०१४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. पीसीओएस असलेल्या १८ ते ४० वर्षे वयाच्या ७५० महिलांची विभागणी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत करण्यात आली. एका गटाला लेट्रोझोल, तर दुसऱ्याला क्लोमिफेन कमाल पाच मासिक चक्रांपर्यंत देण्यात आले.

स्त्रीबीज सुटले का किंवा गर्भधारणा झाली का, एवढ्यावर संशोधक थांबले नाहीत. जिवंत बालकाचा जन्म हा यशाचा निकष होता. लेट्रोझोलच्या गटात २७.५ टक्के, तर क्लोमिफेनच्या गटात १९.१ टक्के महिलांना अपत्यप्राप्ती झाली. म्हणजेच दर शंभर महिलांमागे सुमारे आठ महिला अधिक माता झाल्या. गंभीर जन्मजात दोष लेट्रोझोलच्या गटात चार, तर क्लोमिफेनच्या गटात एका बालकात आढळला. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या महत्त्वाचा ठरला नाही. मात्र दुर्मीळ दोषांबाबत ठाम निष्कर्ष काढण्यास ही चाचणी पुरेशी मोठी नव्हती. २०२१ मध्ये ४६ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यातही लेट्रोझोलमुळे जन्मजात दोषांचा धोका वाढत असल्याचे आढळले नाही.

भारतातील बंदी चाचणीच्या निष्कर्षांनंतर तीन वर्षांनी उठली. ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठाच्या पुढाकाराने तयार झालेल्या २०१८ मधील आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत पीसीओएसमुळे स्त्रीबीज न सुटणाऱ्या महिलांसाठी लेट्रोझोलला पहिली पसंती देण्यात आली. २०२३ च्या सुधारित तत्त्वांतही ती कायम आहे.

मर्यादाही तितक्याच महत्त्वाच्या

हे औषध प्रत्येक प्रकारच्या वंध्यत्वावर सरस नाही. कारण न सापडलेल्या वंध्यत्वाच्या ९०० महिलांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये त्याच नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यात अपत्यप्राप्तीचे प्रमाण लेट्रोझोलच्या गटात १८.७, क्लोमिफेनच्या गटात २३.३, तर संप्रेरकांच्या इंजेक्शनांच्या गटात ३२.२ टक्के होते. मात्र इंजेक्शनांमुळे जुळ्या व तिळ्या गर्भधारणांचे प्रमाणही मोठे होते.

गर्भवती महिलेने लेट्रोझोल घेऊ नये, हा नियम आजही कायम आहे. त्यामुळे गोळ्या सुरू करण्यापूर्वी गर्भधारणा नसल्याची खात्री करणे आवश्यक असते. चक्कर व थकवा हे दुष्परिणाम संभवतात. अमेरिकेत वंध्यत्वासाठी या औषधाला अद्याप औपचारिक मान्यता नाही. तेथील डॉक्टर ते आपल्या अधिकारात देतात.

उपचार घेणाऱ्या दांपत्यांनी डॉक्टरांना तीन प्रश्न विचारणे हितावह ठरते. स्त्रीबीज न सुटणे हेच अडचणीचे कारण आहे का? सुचवलेल्या औषधाची चाचणी त्याच कारणाच्या रुग्णांवर झाली आहे का? आणि सांगितले जाणारे यशाचे प्रमाण गर्भधारणेचे आहे की जिवंत बालकाच्या जन्माचे?