डोंगा की डिंगी?

पिंगळीहून बोलतेय.

मागच्या महिन्यात गंगाकाठच्या एका ताईंचा कर्जाचा अर्ज भरत होते. घरचा धंदा मासेमारीचा. जुना डोंगा सडला, नवा घ्यायचा. मी ‘डोंगा’ लिहिलं, तर कर्ज देणाऱ्या साहेबांनी ते खोडलं. "हा काय शब्द झाला? डिंगी लिहा." मोबाईलवर चित्रही दाखवलं, हौसेनं गळ टाकणाऱ्यांची हवा भरायची रंगीत होडी. ताई गप्प बसल्या. मला मात्र लागलं. घरी येऊन शब्दकोश काढला.

गंमत अशी की डिंगी हा शब्द इंग्रजांचा नाहीच! बंगाली आणि हिंदीत छोट्या नावेला डिंगी म्हणतात. कंपनी सरकारच्या काळात इंग्रज खलाशांनी तो इथून उचलला आणि मोठ्या जहाजासोबतच्या लहान होडीला लावला. त्यांच्या स्पेलिंगमध्ये मधेच एक ‘एच’ बसवला, नाहीतर लोक ‘डिंजी’ वाचतील. पुढं लाकडाच्या जागी रबर आलं, होडी सहलीची झाली. पुरात बचाव पथक आणतं तीही डिंगीच. म्हणजे साहेबांनी आपल्याच देशाचा शब्द परदेशी समजून मोठा केला आणि आपला डोंगा खोडला.

डोंगा म्हणजे खोड कोरून केलेली नाव. त्याच्या शेजारघरचा शब्द आहे डोण. गुरांना पाणी पाजायची डोण तुम्ही पाहिलीच असेल. ती संस्कृत ‘द्रोणी’वरून आली. द्रोणी म्हणजे लाकडाचं कुंड, आणि नावही! कन्नडमध्ये आजही होडीला दोणी म्हणतात. पंगतीत आमटी वाढतो तो पानांचा द्रोण त्याच घरातला. महाभारतातले द्रोणाचार्य द्रोणात जन्मले, म्हणून त्यांचं ते नाव. पोकळ, खोलगट, काहीतरी धरून ठेवणारं ते सगळं द्रोण. बाईमाणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

आता कोरायला एवढं मोठं खोड मिळत नाही. कितीतरी जण थर्माकोलच्या तुकड्यावर बसून धरणात जाळं टाकतात. त्याला ना डोंगा म्हणता येतं, ना डिंगी. जीव धोक्यात असतो तो वेगळाच.

दुसऱ्या दिवशी ताईंना घेऊन परत गेले. हे सगळं सांगितलं. साहेब हसले, पण ऐकून घेतलं. नव्या अर्जावर ताईंनी स्वतःच्या हातानं लिहिलं, ‘डोंगा, मासेमारीसाठी’. खाली सही केली, अंगठा नाही.