रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून

मराठी वर्तमानपत्र वाचणाऱ्याला एक वाक्य पाठ असते. 'आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगाने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून चालवून...' अपघात कोणत्याही तालुक्यात होवो, मरणारा पायी असो की दुचाकीवर, फिर्यादीत हे वाक्य थोड्याफार फरकाने येतेच. मीही ते शेकडो वेळा वाचून पुढे गेलो होतो. चार वर्षांपूर्वी ते माझ्या मामाच्या नावापुढे लिहिलेले वाचले आणि थांबलो.

मामा ट्रक चालवायचा. जून १९८३ मध्ये, पावसाची पहिली सर पडून गेल्यावर, कांद्याची गाडी घेऊन तो जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने खंडाळ्याचा घाट उतरत होता. एका वळणावर गाडी सरकली, आडवी झाली आणि कठड्यावर आदळली. मामा वाचला. शेजारी बसलेला क्लीनर गेला. तो आमच्याच गावचा, एकोणीस वर्षांचा. मामावर खटला चालला, पाच वर्षांनी तो निर्दोष सुटला. पण स्टिअरिंगला त्याने पुन्हा हात लावला नाही. उरलेले आयुष्य गावात पिठाची गिरणी चालवली. अपघाताचा विषय निघाला की एवढेच बोलायचा, "काटा चाळीसच्या वर नव्हता रे." तो गेल्यावर मामीने त्याची पत्र्याची पेटी माझ्यापुढे ठेवली. "तुला जुन्या कागदांचा नाद आहे, बघ काय ठेवायचं ते." त्या पेटीत फिर्यादीची नक्कल होती, पंचनामा होता आणि निकालपत्र.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. नोकरी सांभाळून वीस-बावीस वर्षे घाटरस्त्यांविषयीचे कागद गोळा करतो, एवढाच माझा अधिकार. फिर्याद म्हणते भरधाव, मामा म्हणतो चाळीस. तेव्हा दोघांपैकी एक खोटे बोलतो आहे, असे मी धरून चाललो होतो. ही समजूत कशी चुकीची ठरली, ते या लेखात सांगतो.

फिर्यादीतले 'हयगय' आणि 'अविचार' हे शब्द सर्वांत जुने. ते १८६० च्या भारतीय दंडसंहितेतल्या कलम २७९ मधले. सार्वजनिक रस्त्यावर मानवी जीवित धोक्यात येईल इतक्या अविचाराने किंवा हयगयीने वाहन हाकणे किंवा घोडा दौडवणे हा गुन्हा. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मोटार तेव्हा जन्मालाही आली नव्हती. हयगयीने मृत्यू घडवण्याचे कलम ३०४अ त्यात १८७० मध्ये घातले गेले. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, २७९ चे २८१ झाले. हजार रुपये मात्र हजारच राहिले. १८६० मध्ये त्या रकमेत काय काय येत असेल, याचा हिशोब वाचकांनीच करावा.

पण कलम २७९ मध्ये रस्त्याच्या परिस्थितीचा उल्लेख नाही. तो शोधायला इंग्लंडमध्ये जावे लागते.

वाफेवर चालणाऱ्या अवजड गाड्यांसाठी ब्रिटिश संसदेने १८६५ मध्ये कायदा केला. गावाबाहेर ताशी चार मैल, गावात दोन, आणि गाडीपुढे साठ यार्डांवर लाल निशाण घेऊन चालणारा माणूस. १८९६ मध्ये हलक्या मोटारींची या बंधनातून सुटका झाली, मर्यादा चौदा मैल झाली. १९०३ मध्ये नवा मोटार कायदा आला, तेव्हा दोन बाजूंत जुंपली. मोटारवाले म्हणत होते, आकड्याची मर्यादाच नको. धोकादायक रीतीने चालवणाऱ्याला शिक्षा करा, म्हणजे झाले. रस्त्यावर धूळ खाणाऱ्या गावकऱ्यांची बाजू घेणारे म्हणत होते, आकडा हवाच. तडजोड अशी झाली की दोन्ही ठेवले. वीस मैलांची मर्यादा आली आणि शिवाय एक लांबलचक कलम आले. त्याचा आशय असा: रस्त्याचे स्वरूप, त्याची अवस्था, त्याचा वापर, त्यावर त्या वेळी असलेली किंवा असू शकेल अशी रहदारी, ही सर्व परिस्थिती पाहता जनतेला धोकादायक ठरेल अशा वेगाने चालवणे हा गुन्हा.

म्हणजे वेग दोन प्रकारे मोजायचा होता. एक काट्यावर, दुसरा रस्त्यावर. काट्यावरचा आकडा मर्यादेच्या आत असला तरी रस्त्याच्या मानाने तो जास्त असू शकतो.

हे कलम १९१४ च्या हिंदुस्थानातल्या मोटार कायद्यात जवळपास शब्दशः उतरले. १९३९ च्या कायद्यात तर दोन गुन्हे शेजारी शेजारी बसवले: कलम ११५ मर्यादा ओलांडण्याचे, ११६ परिस्थिती पाहता धोकादायक वेगाचे. १९८८ च्या कायद्यात तीच जोडी १८३ आणि १८४ म्हणून आली. आपल्या फिर्यादीतली 'रस्त्याची परिस्थिती' मला दिसते ती याच वंशावळीत. लंडनच्या संसदेत घासाघीस होऊन निघालेली ही शब्दरचना आपल्या ठाणे अंमलदाराच्या मराठीत इतकी मुरली आहे की ती मुळात मराठीच वाटते.

दोन्ही माप एकत्र का लागतात, हे दोन देशांनी एकेक माप सोडून पाहिल्यावर कळले. ब्रिटनने १९३० मध्ये मोटारींची वेगमर्यादा काढून टाकली आणि धोकादायक चालवण्याच्या कलमावर भिस्त ठेवली. १९३४ मध्ये तिथे रस्त्यांवर ७,३४३ माणसे मेली. मार्च १९३५ पासून वस्तीच्या भागात तीस मैलांचा आकडा परत आणावा लागला. अमेरिकेतल्या माँटाना राज्यात विसाव्या शतकाच्या अखेरीस काही वर्षे दिवसा मोटारींना आकडा नव्हता; परिस्थिती पाहून वाजवी आणि शहाणपणाचा असेल तो वेग, असा नियम होता. ताशी ८५ मैलांनी जाणाऱ्या एकाला पोलिसांनी दंड केला. तो भांडत वर गेला आणि १९९८ च्या डिसेंबरात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो नियमच संदिग्ध म्हणून रद्द केला. वाजवी म्हणजे किती, हे माणसाला आधी कळले पाहिजे, असा त्याचा मथितार्थ. पुढच्याच वर्षी आकड्याची पाटी लागली.

नुसत्या परिस्थितीवर सोडले तर प्रत्येक जण आपल्याला हवी तशी परिस्थिती पाहतो. आणि नुसता आकडा लावला तर? तिथे मामाचे चाळीस येतात. त्यासाठी बोरघाटाकडे वळतो.

बोरघाटातून चाकाच्या गाड्या जातील असा रस्ता १८३० मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत खुला झाला. त्या काळातला दगडी पूल, पुढे अमृतांजन पूल म्हणून ओळखला गेलेला, आपण २०२० च्या एप्रिलमध्ये टाळेबंदीत पाडला. रस्त्यानंतर तेहतीस वर्षांनी, १८६३ मध्ये, त्याच घाटात रेल्वे आली. सदतीस फुटांना एक फूट असा तिचा सर्वांत तीव्र चढ. उताराला वेग आवरणे ही एकट्या ड्रायव्हरची जबाबदारी आहे, असे रेल्वेच्या इंजिनिअरांनी मानले नाही. त्यांनी घाटात बगलमार्ग ठेवले, डोंगराच्या बाजूला वर चढत जाणारे. उतरणाऱ्या गाडीसाठी सांधा नेहमी त्या बगलेकडे लावलेला. गाडीने आधी पूर्ण थांबायचे, म्हणजे ती ताब्यात आहे हे सिद्ध करायचे. मगच सांधा मुख्य मार्गाला लागणार. थांबू न शकलेली गाडी आपोआप चढावर जाऊन अडते. आजही घाटात ही व्यवस्था आहे. मोटारीच्या रस्त्याला यातले काही मिळाले नाही. तिथे पाटी लागली, आणि शिंगरोबाचे देऊळ. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर, अशी त्याची दंतकथा. जुन्या रस्त्याने जाणारे ड्रायव्हर आजही त्याला हात जोडतात. मामाही जोडायचा.

आता पाण्याविषयी. ब्रिटनचा 'हायवे कोड' १९३१ मध्ये एक पेनीला निघाला. १९४६ च्या आवृत्तीपासून त्यात थांबण्याची अंतरे छापली जाऊ लागली. ताशी ३० मैल, म्हणजे सुमारे ४८ किलोमीटर वेगाला २३ मीटर. ६० मैलांना ७३ मीटर. वेग दुप्पट झाला की नुसते ब्रेकचे अंतर चौपट होते, १४ चे ५५. रस्ता ओला असेल तर हे अंतर निदान दुप्पट धरा, असे तेच पुस्तक सांगते. पाटीवरचा आकडा मात्र ओल्या दिवशी अर्धा होत नाही.

१९६० च्या दशकात अमेरिकेच्या 'नासा'मधले वॉल्टर हॉर्न ओल्या धावपट्टीवर विमाने का घसरतात याचा अभ्यास करत होते. पाण्याचा थर पुरेसा असेल तर एका ठराविक वेगाला चाक रस्ता सोडते आणि पाण्यावर तरंगू लागते, हे त्यांनी दाखवले. ब्रेकही नाही, स्टिअरिंगही नाही. त्यांचे सूत्र सोपे आहे: टायरमधल्या हवेच्या दाबाचे वर्गमूळ काढा, १०.३५ ने गुणा, ताशी मैल मिळतात. मोटारीच्या टायरात ३२ पौंड हवा असेल तर उत्तर येते ५८ मैलांच्या थोडे वर, म्हणजे सुमारे ९४ किलोमीटर. हवा २५ पौंडांवर आली असेल तर ८३. सूत्र ढोबळ आहे, टायरची नक्षी आणि रस्त्याचा पृष्ठभाग यांनी आकडा हलतो. तरी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात मोटारींना १०० ची मुभा आहे, हे इथे आठवावे. जुलैच्या धो धो पावसात, रस्त्यावर पाणी साचलेले असताना, पाटी पाळणारा सज्जन माणूसही तरंगण्याच्या वेगापलीकडे असू शकतो.

मामाच्या ट्रकला हे सूत्र लागू पडत नाही. ट्रकच्या टायरात हवेचा दाब खूप जास्त, आणि वेग चाळीस. त्याच्या वळणावर तरंगण्याइतके पाणीही नव्हते. तिथे होता तो पहिल्या पावसाचा चिखल: उन्हाळाभर डांबरावर साठलेले तेल, धूळ आणि टायरांची झीज यांत पाणी मिसळले की होणारा बुळबुळीत लेप. दोन-तीन चांगल्या सरींनी तो धुऊन जातो. पहिली सर मात्र त्याला जागा करते. आणि वळणावर गाडी धरून ठेवायला लागणारी पकडही वेगाच्या वर्गाने वाढते. वीसला लागते त्याच्या चौपट चाळीसला.

मी पंचनामा पुन्हा काढला. त्या हवालदाराचे अक्षर वाईट आहे, पण त्याची नजर पक्की होती. रस्ता ओला. उतार. डावीकडे वळण. मागील चाकांचे टायर झिजून गुळगुळीत. गाडीत पूर्ण माल. १९०३ च्या कायद्याला अभिप्रेत असलेली सारी परिस्थिती त्याने पाच ओळींत उतरवली होती. निकालपत्रात त्यातली एकही ओळ नाही. तिथे चर्चा फक्त एकाच गोष्टीची: साक्षीदार 'गाडी फार वेगात होती' म्हणतो, पण वेग किती ते सांगू शकत नाही; सबब संशयाचा फायदा.

पुढे १९९८ मध्ये कर्नाटकातल्या एका ट्रकच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असेच म्हटले, की 'जोरात' हा शब्द सापेक्ष आहे आणि नुसत्या वेगावरून हयगय सिद्ध होत नाही. २०१२ मध्ये रवी कपूर विरुद्ध राजस्थान या खटल्यात त्याच न्यायालयाने दुसरी बाजूही सांगितली: वेग कमी असूनही चालवणे अविचाराचे ठरू शकते. माझ्या मते या दोन निकालांत विरोध नाही. दोन्ही रस्त्याकडे पाहायला सांगतात.

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली, आणि त्यांतल्या ७१.२ टक्के मृत्यूंपुढे कारण लिहिले आहे: अतिवेग. हे वाचताना मला आता मामाचा कागद आठवतो. पाटी ओलांडून मेलेले किती आणि पाटीच्या आत असूनही रस्त्याच्या मानाने जास्त वेगात असलेले किती, हे त्या एका शब्दावरून कळत नाही. आणि त्या वाक्यातल्या 'दुर्लक्ष करून' या शब्दांनी सगळी परिस्थिती एकट्या ड्रायव्हरच्या डोक्यावर जाते. गुळगुळीत टायर मामाने बघितले नव्हते असे नाही. मामी सांगते, मालकाने 'पावसाळा निघू दे, मग टाकू नवे' म्हटले होते, आणि माल पहाटेच्या बाजाराला पोचला नाही तर भाडे कापणार होता. त्या मालकाचे नाव फिर्यादीत कुठेच नाही.

पण एवढ्याने मामा सुटत नाही. टायर मालकाचे होते, पाऊस कोणाचाच नव्हता, ॲक्सिलरेटरवरचा पाय मामाचा होता.

गेल्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा मामीला हे सगळे सांगितले. तिने मधेच विचारले, "म्हणजे चाळीस खरं होतं का रे?"

"खरं असणार, मामी. पण त्या दिवशी त्या वळणाला चाळीस फार होते. वीसच चालले असते."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "त्यांना ते ठाऊक होतं. उगाच का माणूस सुटून आल्यावर गाडी सोडतो?"

फिर्याद खोटी नव्हती आणि मामाही खोटा नव्हता. पेटीतले कागद मी परत त्याच क्रमाने ठेवले. फक्त पंचनामा सर्वांत वर ठेवला.